उपाशी बैल अन् मोहाच्या दोन शिश्या

आता काय सांगू तुम्हाले माझ्या अकलेचे दिवे! अन् पाजळले कुठं, तर सासुरवाडीत, लाखनीकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हजार लोकांसमोर.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी भंडाऱ्याच्या शाळेत सायन्स शिकवत होतो. म्हणजे जगातलं सारं मलेच समजत होतं, हे सांगाले नको. माझ्या सासऱ्याचा, मामाजीचा, हिऱ्या बैल पटात पळणार होता. पोटच्या पोरापेक्षा लाडका!

आदल्या दिवशी म्या फर्मान काढलं, "मामाजी, आज हिऱ्याले चारा नका टाकू. पोट हलकं तर पाय हलके!"

"उपाशी जनावर पळते का, जावईबापू?"

"सायन्स आहे मामाजी!"

बिचाऱ्यांनी चाऱ्याची पाटी उचलून नेली. जावयाच्या तोंडी कोण लागते?

सकाळी त्यांची पाठ फिरली अन् म्या मोहाच्या दारूची शिशी बैलाच्या नरड्यात ओतली. मोहाची पाजली की बैल उडते, असं ऐकलं होतं. एका शिशीनं काय होते? दुसरीही ओतली!

झेंडी पडली. जोडी चार पावलं गेली अन् हिऱ्या थांबून मुतू लागला. मुतते, मुतते, मुतूनच राहिला! दुसरी जोडी पोचली, टाळ्या झाल्या, याचं आपलं सुरूच. मग थरथरला अन् धपकन खाली बसला. मानच टाकली.

मामाजी धावत आले. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ढसढसा रडू लागले. दोन शिश्यांची गोष्ट मलेच ठाऊक होती. पण तोंडातून काय निघालं? "नजर लागली असंल." सायन्सचा मास्तर!

पटावर आलेल्या ढोरांच्या डॉक्टरनं हिऱ्याचं तोंड हुंगलं. "उपाशीपोटी दारू कोणं पाजली?"

"उपाशी तर जावईबापूनं ठेवला," मामाजी म्हणाले. "पण पाजली कोणं?"

म्या हळूच हात वर केला.

"मास्तर, लिवर दारू निपटवत बसलं का साखर बनवत नाही. पोटात चारा नाही, रक्तात साखर नाही, बैल पळंल कायच्या भरवशावर? अन् लघवी आवरणारं हार्मोन दारूनं दबते, म्हणून हा धबधबा. तुमच्या पुस्तकात नाही का हे?"

होतं ना! तोच धडा मी पोरांले ऑप्शनले टाका म्हणत होतो.

शिरेतून ग्लुकोज गेलं, तवा दुपारी हिऱ्या उठला. मामाजीच्या जिवात जीव आला.

पुढच्या वर्षी मामाजीचं पोस्टकार्ड आलं. पटाले लेकी-जावयांले बोलवाची आमच्याकडं रीतच आहे. लिवलं होतं, "मुलीस दोन दिवस आधी पाठवावे. जावईबापूंनी पट आटोपल्यावर सवडीने यावे. येताना गोठ्याच्या बाजूने येऊ नये."