कुत्रीच्या गळ्यातलं लोढणं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नगरच्या लष्करी छावणीत मोटारी वाढल्या आणि घोडी लिलावात निघू लागली. आबांनी त्यातलीच एक उंच, तांबडी घोडी घेतली. आबा म्हणजे माझे वडील. ते घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचे आणि आसपासची गावं पालथी घालायला त्यांना घोडी लागायचीच. घोडी गुणी होती, फक्त मागून आलेलं काही तिला खपत नसे.

आणि आमच्या कुत्रीला नेमकी मागूनच जायची खोड. रानात खतासाठी मेंढ्या बसवायला धनगर आले होते. जाताना पायाला लागलेली ही कुत्री त्यांनी आमच्याकडे ठेवली. पाय बरा झाला, पण मेंढरं काही तिच्या डोक्यातून गेली नाहीत. मग आम्हीच तिची मेंढरं झालो. आई विहिरीवर, मी अंगणात, धाकटा भाऊ तिसरीकडे, असं झालं की तिच्या जिवाला घोर. एकदा तर निरोप घेऊन निघालेल्या मामांना धोतराला धरून तिनं ओसरीवर परत आणलं. मामा तीन दिवस रुसले होते. भाऊ तीन वर्षांचा होता. तो विहिरीकडे वळला की ही आडवी जायची, खांद्यानं ढकलत त्याला दारापर्यंत आणायची. आई खुशाल कामाला लागे. "कुत्री हाय न्हवं," एवढंच म्हणे.

घोडीला मात्र हे मान्य नव्हतं. आबांनी दावं सोडलं की कुत्री मागच्या टाचांना दात लावून तिला घराकडे वळवायला बघायची. घोडी लाथ झाडायची, कुत्री पोट जमिनीला टेकवायची आणि लाथ वरून जायची. मला तो खेळ वाटे. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या आहेत. एके सकाळी घोडी उधळून आबांसकट दगडांत गेली. गुडघा फुटला तो आबांचा, घोडीचा नव्हे, म्हणून निभावलं.

"घोडीचा पाय मोडला म्हंजी आपुन खायाचं काय?" आबा म्हणाले. "कुत्री बाजारात कुनाला तरी देऊन टाकतो."

मी अकरा वर्षांची होते आणि हट्टी होते. रडून काही होणार नाही हे कळत होतं, म्हणून तोड काढली. "आबा, पळणाऱ्या गाईला बांधत्यात तसं हिला लोढणं बांधू."

"बांध," ते म्हणाले. "पन पुन्हा घोडीच्या मागं गेली, तर मी ऐकायचो न्हाई."

बाभळीचं हातभर लाकूड मी तिच्या गळ्यात बांधलं. पळायला गेली की ते तिच्या गुडघ्यांवर आदळे. आठ दिवसांत ती चालायचीसुद्धा जपून. घोडी निमूट जाऊ-येऊ लागली, कुत्री घरात राहिली, आणि मी स्वतःवर भलतीच खूश. घोडीपासून जिला अडवलं तिला पोरापासूनही अडवलं, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. आई तशीच म्हणत राहिली, "कुत्री हाय न्हवं."

त्या दुपारी मी ओसरीवर मटकी निवडत होते. भाऊ मूठभर कडबा घेऊन घोडीकडे निघाला, आणि तोही मागच्या बाजूनं. मी पाहिलं. उठले नाही, कुत्री उठली होती. लाकूड आदळत, दोनदा तोंडावर पडत ती गेली. तिनं त्याला खांद्यानं बाजूला लोटलं तेव्हा तो घोडीच्या अगदी पायांशी होता. मग लाथ आली. कुत्रीनं नेहमीसारखं अंग खाली टाकलं, पण लाकूड छातीखाली आलं आणि तिला पुरतं वाकता आलं नाही.

आबा धावत आले. भावाला उचलून आईकडे दिलं, मग कुत्रीजवळ बसून तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. "लोढणं सोड," मला म्हणाले. गाठ मी इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी त्यांनीच ती विळ्यानं कापली. तासाभरानं कुत्री गेली.

भाऊ आता नातवंडांचा आजोबा झाला आहे. कुत्रीनं जीव देऊन आपल्याला कसं वाचवलं, हे तो त्यांना रंगवून सांगतो. आईनं त्याला तसंच सांगितलं होतं. आईच्या सांगण्यात लोढणं नव्हतं. ते तिनं माझ्यासाठी गाळलं, हे मला ठाऊक आहे. नातवंडं मला विचारतात, "आजी, तू पाहिलंस ना?" मी हो म्हणते. कुत्रीला लाथ चुकवता येत होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.