काकांनी पोसलेला वड

आपल्या डोळ्यांदेखत कुणी सडपातळ राहू शकतं, ही गोष्ट आमच्या हिच्या काकांना आजवर कुणीही पटवू शकलेलं नाही. कोल्हापुरात पाहुण्याला आग्रह सगळेच करतात; काका पाठलाग करतात. लग्नानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवताना मी वाटीवर हात आडवा धरला, तर तांबड्या रश्श्याची पळी थेट हातावर आणून म्हणाले, "पावणं, हात काढा की. भाजंल." मीटर बघायला आलेला माणूससुद्धा म्हशीचं पेलाभर दूध प्यायल्याशिवाय सुटत नाही. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा काकांनी डॉक्टर बदलला.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या सुनेनं, नोकरीसाठी पुण्याला जाताना, आपला बोन्साय सोपवला. वीतभर उंचीचा, पारंब्या फुटलेला वड. ती लहान असताना तिच्या वडिलांनी लावलेला. ते गेल्यावर त्यांच्या हातचं एवढंच तिच्याकडे उरलं होतं. काकांनी फांदी दोन बोटांत धरून बघितली. "एवढं वय झालं आन् अंगाला मास न्हाय. कुणी खायालाच घातलं नसंल." सकाळी शेणखत, दुपारी गुळाचं पाणी, संध्याकाळी ताक, आणि मधल्या वेळेला उसाला घालून उरलेला युरिया, असा खुराक सुरू झाला. पानं पिवळी पडली तसा त्यांनी तो वाढवला. शेवटी फांद्या उघड्या पडल्या, कुंडीला आंबूस वास सुटला आणि काकांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "पोरीच्या बापाचं झाड हो," एवढंच म्हणाले.

तसलंच दुसरं आणून ठेवू, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चपला घालायच्या तयारीत होतो. मग त्यांनी सुनेला व्हिडिओ कॉल लावला. "मी मारलं बघ तुझं झाड."

तिनं फोन झाडाजवळ न्यायला सांगितला. मग म्हणाली, "आबा, नखानं साल खरवडा. आत हिरवं हाय का?"

हिरवं होतं. ती सांगत गेली, काका करत गेले. झाड उपसलं, मुळं धुतली, सडलेली कातरली, विटेचा चुरा आणि जाडसर वाळू घालून परत बसवलं.

"आन् खायाला?"

"काही न्हाय. माती सुकली की थोडं पाणी. बाकी सावलीत ठेवून नुसतं बघायचं."

हे त्यांना फार जड गेलं. ताकाचा तांब्या घेऊन कुंडीपर्यंत जायचे आणि स्वतःच पिऊन परत यायचे, त्यामुळे झाडाआधी काकांचीच तब्येत सुधारली. रोज मातीत बोट खुपसायचं आणि पुण्याला फोन करायचा, हा नेम झाला. आधी झाडाचं बोलणं व्हायचं, मग ऑफिसचं, मग तिच्या वडिलांचं. इतक्या वर्षांत व्याह्यांबद्दल त्यांनी कधी फारसं विचारलं नव्हतं.

परवा गेलो तर गच्चीवर काका फोन धरून उकिडवे बसलेले. खोडाच्या बगलेत कोवळा, टोकदार कोंब आला होता. सुनेला तो नीट दिसावा म्हणून ते फोन पुढे-मागे करत होते.

"तुझा बाप लई सबुरीचा माणूस असंल गं," ते म्हणाले. "एवढी वर्सं माया करायची, आन् हात आवरून करायची. मला न्हाय जमलं."

पलीकडून ती नाक ओढत म्हणाली, "जमलंय की, आबा."