मोडनिंबचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी. हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, ते ठरलेलंच असतं. माझ्या मुलीला सातवा लागला तशा शेजारणी सांगू लागल्या, डिंक कुठला चांगला, बाळाला न्हाऊ घालायला बाई कोण चांगली. मी मान डोलवत होते, पण तिला माझ्या घरी आणायची मला भीती वाटत होती.

कारण मी झोपेत ओरडते. नुसती ओरडत नाही, हातही झाडते. मुलगी चौथीत असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून हे चालू आहे. स्वप्नात नेहमी तिलाच काहीतरी झालेलं असतं. डॉक्टरांच्या गोळीने डोळा लागतो, स्वप्नं काही जात नाहीत. दिवसा शाळेच्या ऑफिसात बसून मी रात्रीची धास्ती घेते आणि त्या धास्तीनेच रात्र आणखी बिघडते. एकदा जाग आली तेव्हा शेजारची उशी मी दोन्ही हातांनी भिंतीवर आपटत होते. बाळंतिणीच्या खोलीत तिची आई निजते. त्या उशीच्या जागी बाळ असणार होतं.

मुलीच्या सासूबाई तिला घेऊन बोलायला आल्या तेव्हा मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, "आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बाळंतिणीची धुणी, न्हाणी, कसं निभायचं? तुमच्याकडेच होऊ दे."

"टँकर मागवा की," त्या म्हणाल्या. मोडनिंबच्या कोरडवाहू शेतकरी बाईला मी पाण्याचं रडगाणं ऐकवत होते. "मला सून जड न्हाय हो. पर लोक म्हनतील, आयलाच लेक नकोशी झाली."

मुलगीच मध्ये पडली, "मलाच नको वाटतंय सोलापूरचं ऊन."

"मग मोडनिंबात काय बरफ पडतोय व्हय?" त्या हसल्या, पण सुनेच्या तोंडाकडे बघून पुढे काही विचारलं नाही.

असा माझा नातू मोडनिंबला झाला. दर रविवारी मी अळिवाचे लाडू घेऊन एसटीने जायची आणि दिवेलागणीच्या आत परत फिरायची. विहीणबाई म्हणायच्या, "आजच्या दिवस ऱ्हावा की." मी सकाळच्या शाळेचं कारण पुढे करायची. बसमध्ये रडू यायचं. लोक बोलत होते ते मी सोसलं असतं. पण पदराला बाळाचा वास लागलेला असायचा, आणि तो घेऊन रिकाम्या घरात जायचं जिवावर यायचं.

एका रविवारी दुपारी बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. जागरणाने मुलीचाही शेजारी डोळा लागला होता. अचानक बाळाचे ओठ वाकडे झाले, मुठी वर उडाल्या आणि ते किंचाळलं. विहीणबाई दारातूनच म्हणाल्या, "काय न्हाय, सटवी रडवतीय." सगळी तान्ही बाळं अशी दचकतात, हे मलाही ठाऊक आहे. तरी माझंच काही याच्यात उतरलं की काय, या भीतीने मला त्याला थोपटताही येईना.

मुलीने डोळे उघडले नाहीत. पडल्या पडल्या हात लांबवून तिने बाळाच्या छातीवर पंजा ठेवला आणि झोपेतच म्हणाली, "मी इथेच आहे. कोरडी आहे बघ."

बाळ शांत झालं. त्याला त्यातलं काय कळणार? ते बोलणं मुळात माझ्यासाठीचं होतं. माझ्या स्वप्नात ती हौदात बुडत असायची. मी ओरडत उठले की ती एवढीशी पोर माझा हात धरून आपल्या केसांवरून, फ्रॉकवरून फिरवायची आणि हेच म्हणायची. माझी धाप ओसरेपर्यंत तिचा पंजा माझ्या छातीवर असायचा.

बाळाला कसं निजवायचं ते आईने लेकीला शिकवायचं असतं. माझी लेक ते चौथीतच शिकली होती, माझ्यावर. तिला जाग येण्याआधी निघावंसं वाटलं. बाळाला तिच्या कुशीत ठेवलं, आणि बसला अवकाश होता तरी मी पिशवी उचलली.