नापासांच्या वर्गाचा पुरावा

आमच्या विभागप्रमुख मॅडम यंदा निवृत्त होणार, त्यामुळे वैद्यकीय अध्यापकांच्या पुरस्काराची ही त्यांची शेवटची संधी. अर्ज भरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. शैक्षणिक नेतृत्वाच्या रकान्यात जे लिहाल त्याचा पुरावा जोडा, असा नियम. पुरावे म्हणून माझ्या हाती आले ते फोटो. समई लावताना मॅडम, शाल घेताना मॅडम, पाहुण्यांना संत्र्यांची टोपली देताना मॅडम. शिकवतानाचा म्हणाल तर एकही नाही. माझं डोकंच फिरलं.

आणि त्यांचं खरं काम तर कागदावर कुठंच नव्हतं. पहिल्या वर्षी नापास झालेल्यांसाठी त्या वर्षानुवर्षं सकाळी आठला वेगळा वर्ग घ्यायच्या. हजेरी नाही, यादी नाही. एखादी वही ठेवायला काय झालं होतं, असं मी जरा चिडूनच विचारलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "वही ठेवली असती तर पोरं आली असती काय वं? नापासाचा शिक्का कोणाले पाहिजे? सोड तो रकाना."

सोडला तर अर्जात उरणार काय, नुसत्या शाली?

पंचाईत अशी, की पुरावा मीच होते. इथंच शिकताना पहिल्या वर्षी नापास झाल्यावर हॉस्टेल सोडून मी रामटेकला घरी गेले होते. तिथून पहिल्या बसनं यायचे, तरी उशीर व्हायचाच, मग मागच्या दारानं गुपचूप आत शिरायचे. विभागात हे कोणालाच माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांना तर मी पहिल्याच फटक्यात पास व्हा म्हणून दम देते! दोन दिवस जीव नुसता वरखाली. लिहावं तर अब्रूचं खोबरं, न लिहावं तर त्या वर्गाचं नावनिशाण राहणार नाही. शेवटी स्वतःवरच वैतागले आणि टाईप केलं, की मी नापास झाले होते, या वर्गानं मला उभं केलं.

विभागातल्या प्रिंटरनं तो कागद सगळ्यांसमोर ओकला. शेजारच्या सहकाऱ्यानं उचलला, वाचला, माझ्या हातात दिला आणि चहा सांगू का म्हणून विचारलं. बस्स, एवढंच. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते एका चहावर निभावलं. असं हलकं वाटलं की मी दोन कप प्यायले.

प्रत्येक जोडपत्रावर अर्जदाराची सही लागते. मॅडमनी कागद सावकाश वाचला. "तू होती काय त्या वर्गात? मले तर आठवूनच नाही राहिलं," म्हणाल्या आणि सही केली. चला, सुटले एकदाची. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू. पण इतक्या पोरांतून कोणाकोणाला लक्षात ठेवणार?

फाईल घेऊन दारापर्यंत पोचले, तर मागून त्यांनी विचारलं, "काय वं, ती रामटेकची पहिली बस आताही उशिराच येते काय?"

बसचं मी त्या कागदात काहीच लिहिलं नव्हतं.