शेवटच्या मॅचचं फूल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी उसळीत मीठ दोनदा पडलं तरी सांगते. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा परवा जे झालं त्यानंतर ते पोटात राहीना, म्हणून.

मी पेणच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तशी बरी आहे हो. मुली मला घाबरतात, पण डबा उघडला की पहिला घासही मलाच देतात. गावात मला बॅडमिंटनवाल्या मॅडम म्हणतात, कारण इथली शाळकरी मुलींची बॅडमिंटन स्पर्धा मी सुरू केली. मी म्हणजे, मी आणि उज्ज्वलाने. उज्ज्वला रोह्याच्या शाळेत, माझ्याच विषयाची. शिकताना आम्ही एका खोलीत राहिलो, एकमेकींच्या साड्या नेसलो, एकमेकींची भांडणंही भांडलो.

नियम आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून केले. ती भाकऱ्या थापत होती, मी लिहीत होते. गेम पंधराचा. जी हरेल तिने पुढच्या मॅचला लाइनवर बसून फूल, म्हणजे शटल, आत पडलं की बाहेर ते सांगायचं — म्हणजे हरल्यावर रडत बसायला वेळ मिळत नाही, हे उज्ज्वलाचं डोकं. आणि फुलं नायलॉनची, अगदी फायनलपर्यंत. ह्यावर तर ती अडूनच बसली. आमच्याकडच्या बहुतेक शाळा पटांगणात नेट बांधून खेळतात. तिथे पिसांचं शटल चार फटक्यांत विस्कटतं, म्हणून सगळ्यांचा हात नायलॉनवर बसलेला.

"पोरींना सवयीचं फूल द्यायचं गो," ती म्हणाली. "नायतर खेळ कोणाला येतो ते कळणार कसं?"

मी मान डोलावली, लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ तिनेच सांगितली: फुलं संपलीच, तर आयोजकांकडे असतील त्या फुलांवर खेळावं. व्यवहारी आहे ती.

आता ह्या दोन फुलांतला फरक सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल, फुलाचं ते काय एवढं? नायलॉनचं फूल मारलं की शेवटपर्यंत पळत राहतं. पिसांचं सुसाट निघतं आणि मध्येच दम संपल्यासारखं खाली येतं. सवय नसलेल्या मुलीचा मागे टोलवलेला फटका कोर्टाच्या मध्यावरच पडतो, आणि समोरची त्यावर तुटून पडते. आमच्या शाळेच्या मुलींना मात्र दोन्हींची सवय होती. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये गावातले डॉक्टर आणि गणपतीच्या कारखान्यांचे मालक खेळायला येतात, आणि एखादं पीस मोडलं की फूल कोपऱ्यात फेकतात. ती फेकलेली फुलं मी गोळा करायची. आमच्या मुली त्यावर खेळायच्या. सगळ्यांत जास्त, सई.

सई माझी फार लाडकी होती. पावसाळाभर आमचा हॉल कारखान्याला मूर्ती ठेवायला दिलेला असतो. गणपती गेले की मग तो मोकळा होतो, जमिनीवर प्लास्टरचा पांढरा थर असतो, कोर्टाच्या रेषा पुसून गेलेल्या. त्या पहिल्या वर्षी सई आणि मी गुडघ्यांवर बसून फरशी धुतली आणि नव्याने रेषा मारल्या. मी तेव्हा सगळ्या गावाला सांगत सुटले होते — बघाच, आमची सई जिंकणार, जिल्ह्याच्या शिबिराला जाणार. जिंकणाऱ्या मुलीची तिथे निवड होणार होती ना. मुख्याध्यापकांना सांगितलं, कारखानदारांना सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. कुणी विचारलं होतं का? नाही.

आणि मग रोह्याच्या शाळेकडून प्राची आली.

आठवीतली मुलगी, रोह्याजवळच्या निडी गावची. घरामागच्या अंगणात नेट बांधून वाऱ्यात खेळलेली. मनगट असं, की मी अंपायरच्या खुर्चीत बसून गुण मोजायचे विसरले. सेमीफायनल तिने हसत हसत मारली. तिचे वडील दाराशी उभे होते, कंपनीतली शिफ्ट बदलून आलेले. उज्ज्वलाने मला मधल्या वेळात हळूच सांगितलं होतं — पोरगी जिल्ह्याला गेली तर खेळू देईन, नायतर खेळ पुरे, असं त्यांनी घरातून निघतानाच बजावलंय.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. तिचं काय पणाला लागलंय, ते मला पूर्ण माहीत होतं.

सई माझ्याकडे बघत होती, आणि आम्हा दोघींना एकच गोष्ट कळली होती. नायलॉनच्या फुलावर सई हरणार.

माझ्या पायाशी, टेबलाखाली, माझी कापडी पिशवी होती. तिच्यात जेवणाचा डबा, आणि डब्याखाली नायलॉनच्या फुलांचा एक कोरा डबा. उज्ज्वला जवळ आली आणि म्हणाली, "फूल दे नवीन, फायनलला."

मी म्हटलं, "अगं, नायलॉनची संपली."

आणि पायाने पिशवी आत सरकवली.

झालं. एवढंच आहे ते. सांगायला किती थोडं — नाही? एक वाक्य आणि पायाचा एक धक्का. उज्ज्वलाने माझ्याकडे संशयाने बघितलंसुद्धा नाही. का बघेल? तिला तिचाच नियम आठवला. "मग काय करणार," ती म्हणाली, "तुझ्याकडे हायत त्यावर खेळतील." मी कपाटातून पिसांची फुलं काढली.

प्राचीचा पहिलाच फटका मध्यावर पडला. दुसरा, तिसराही. तिला वाटलं रॅकेटमध्ये काहीतरी बिघडलंय. तिने तळव्याने तारा दाबून बघितल्या. मग उज्ज्वलाची रॅकेट मागून घेतली. मग माझ्याकडे बघून हसली — कसं सांगू — पाहुण्यांच्या घरी कप फुटल्यावर मूल हसतं तसं. मी गुण मोजत होते. आता बरोबर मोजत होते.

सई जिंकली. टाळ्या झाल्या. प्राची माझ्या पाया पडायला वाकली आणि म्हणाली, "मॅडम, आज माझा हात बसलाच नाय."

तेव्हा तरी बोलायचं होतं. बोलता आलं असतं — तुझा हात चांगला आहे गं, फूल बदललं होतं. एवढं तरी. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी."

मला विचाराल तर पिशवी सरकवली त्यापेक्षा हे वाईट. पिशवीने मॅच गेली. ह्या वाक्याने तिच्या मनात बसलं, की चूक तिच्या हाताची.

संध्याकाळी त्यांना गाडीत बसवायला मी पेण स्टेशनवर गेले. वडील पुढे जाऊन गाडीची वाट बघत उभे होते. उज्ज्वला उलट माझीच समजूत घालत होती: "तू नको गो मनाला लावून घेऊ. फुलं संपली, त्याला तू काय करणार?" मला रडू आलं. ती समजली, मी थकलेय. मला जवळ घेतलं तिने.

प्राचीचा खेळ सुटला. वडिलांना बोल लावू नका, त्यांनी समोर जे दिसलं त्यावर ठरवलं. सई शिबिराला गेली, पहिल्याच फेरीत हरून परत आली आणि पुढे आपल्या मार्गाला लागली. तिला ह्यातलं काही माहीत नाही. आणि त्या फायनलचं गावात इतकं कौतुक झालं — पिसांच्या फुलावर खेळवलीत, अगदी मोठ्या स्पर्धेसारखं वाटलं — की पुढच्या वर्षीपासून तो नियमच झाला; उज्ज्वलानेही शेवटी मान डोलावली. तेव्हा नको म्हणायला मला तोंड होतं का? होतं की. मी उघडलं नाही. सगळ्या मॅच नायलॉनवर, फायनल पिसांवर. दरवर्षी माइकवरून मीच जाहीर करते.

परवाही केलं. फायनलला आमची एक मुलगी होती आणि निडीची एक. निडीच्या मुलीबरोबर तिची आत्या आली होती. मी टेबलाशी फुलं काढत होते, ती माझ्याकडे पाठ करून पोरीची वेणी घट्ट करत होती. आवाजावरून ओळखली नाही मी; बोलण्यावरून ओळखली.

"इथं फायनलला पिसांचं फूल असतं," ती सांगत होती. "त्यावर आपला हात नाय बसत. माझा पण नाय बसला. हरलीस तर वाईट नको वाटून घेऊ."

किती मायेने सांगत होती. त्या माझ्या खोट्याची तिने घरातली गोष्ट करून टाकली होती, आणि आता ती भाचीला देत होती.

मग ती वळली. प्राचीच. मला बघून तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

"ह्या त्या मॅडम," ती भाचीला म्हणाली. "मी हरले ना, तेव्हा ह्यांनी पाठीवरून हात फिरवला होता. दुसऱ्या शाळेच्या असून. पाया पड."

पोर वाकली. मला मागे सरता आलं असतं. मी सरले नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला, "छान खेळ" म्हणाले, आणि तिच्या हातात पिसांचं फूल दिलं.