डाव्या पायाला रजा

डावा गुडघा कामातून गेला तेव्हा डॉक्टरांनी क्लच दाबायला साफ मनाई केली. घरात सगळे म्हणाले, झालं, आता कॅबने फिरा. का म्हणून? हात धड, डोळे धड, उजवा पाय ठणठणीत! मी भांडभांड भांडले आणि जुनी गाडी देऊन बिनक्लचची ऑटोमॅटिक घ्यायला लावली.

आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. एचएसआर लेआउटच्या सिग्नलपाशी जुन्या सवयीनं डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. गाडी थाडकन थांबली, शेजारी बसलेल्या यांच्या हातातली पाण्याची बाटली काचेवर आपटली. आमचे हे सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. निकाल जागेवर लागला. "किल्ली दे. तुझा हा डावा पाय एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल." असा संताप झाला माझा! पण पाय माझाच होता, दिली किल्ली.

शेवटी मी म्हटलं, गाडी जागची हलवत नाही, पण रोज सुरू करीन आणि बंद करीन. त्याला हे नाही म्हणू शकले नाहीत. मग रोज सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये माझा रियाज. डावा पाय मागे ओढून सीटखाली, तिथून हलायचं नाही. उजवा ब्रेकवर. गिअरचा दांडा पी वर, म्हणजे पार्कवर आहे ना, बघायचं, मग बटण. बंद करताना ब्रेक दाबून दांडा एन वर, म्हणजे न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढायचा, पाय हळूच उचलून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची. पुन्हा ब्रेक दाबून पी, आणि मगच इंजिन बंद. वॉचमन रोज कानडीत विचारायचा, "अक्का, आज एल्लिगे?" आज कुठे म्हणून काय विचारतोस! "कुठे नाही अण्णा, इथेच," मी म्हणायचे. तो हसायचा. हसू दे.

मग व्हाइटफील्डला भाचीची वास्तुशांत आली. गाडी अर्थातच हे चालवत होते. मला गेटपाशी उतरवून ते गाडी लावायला पुढच्या चढावर गेले. जेवणं झाल्यावर परत येऊन बटण दाबलं, तर गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं, ढिम्म. "बॅटरी गेली," यांनी जाहीर केलं. मागे अडकलेला टेंपोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, हे घामाघूम होऊन फोनवर मेकॅनिक शोधतायत. मी वाकून दांड्याकडे बघितलं. डी वर, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्येच!

"अहो, तुम्ही गाडी डी मध्ये बंद केलीत?"

"चढावर गाडी गिअरमध्येच ठेवतात. पहिल्या गाडीपासून तसंच करतोय."

"ती क्लचची गाडी होती! ही डी मध्ये सुरूच होत नाही. नशीब, हँडब्रेक तरी ओढलात. उतरताना गाडी पीं पीं करून ओरडली नाही का?"

"ओरडत होती. म्हटलं, हिला सवयच आहे."

हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. "उतरा," मी म्हटलं. लग्नानंतर यांना इतकं स्वच्छ काही सांगितल्याचं मला आठवत नाही. उतरले बिचारे, आणि माझ्या जागी जाऊन बसले.

डावा सीटखाली, उजवा ब्रेकवर, दांडा पी, बटण. इंजिन लगेच लागलं! "सरी अक्का, सरी!" टेंपोवाला ओरडला. बरोबर म्हणे! मी निघाले.

पण इंजिन सुरू करणं मला येतच होतं. भीती होती ती पायाची. मारथहळ्ळीच्या गर्दीत एका डिलिव्हरीवाल्यानं स्कूटर सरळ आडवी घातली. पण ब्रेकवर गेला तो उजवा पाय, बेताबेतानं, आणि गाडी थांबली. डावा सीटखाली होता तिथेच होता. "शाब्बास रे माझ्या राजा!" मी मोठ्यांदा म्हणाले, पायाला. यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, दाराची मूठ सोडली आणि मागे टेकून बसले. मला इतका आनंद झाला होता की पुढचा सगळा ट्रॅफिकसुद्धा गोड लागला.

घरी आले. ब्रेक, एन, हँडब्रेक, पाय उचलून गाडी टेकवली, पुन्हा ब्रेक, पी, बंद. गाडी तसूभर हलली नाही. आता काय शेरा येतोय म्हणून शेजारी बघितलं, तर हे मान टाकून घोरत होते. मी चालवत असताना या माणसानं आजवर साधी डुलकी घेतली नव्हती.

दंडाला धरून हलवलं तेव्हा डोळे चोळत म्हणाले, "पोहोचलो?"

"कधीच!" मी म्हटलं.