पुलाखालचा चष्मा

फिटरआजोबांनी चाळीस वर्षं कारखान्यात क्रेन जोडल्या. त्यांच्या खात्यात एक कायदा होता. क्रेननं पहिलं ओझं उचललं, की जोडणाऱ्यानं आपला जेवणाचा डबा त्याखाली ठेवायचा. आजोबांचा डबा निवृत्तीपर्यंत शाबूत राहिला, आणि हे ते भेटेल त्याला ऐकवत. आजी म्हणायची, "डब्याचं कौतुक, डबा भरणारीचं नाही."

नातीच्या दुसरीच्या वर्गात दर शुक्रवारी हातकामाचा तास असे. बाईंनी आजोबांना मदतीला बोलावलं. पोरांनी वर्तमानपत्राच्या सुरळ्या सुतळीनं बांधून दोन बाकांमध्ये पूल केला होता. आज त्यावर वीट ठेवायची होती, आणि बघायला मोठ्या बाई येणार होत्या. या तासाला नुसता कचरा होतो, असं त्यांचं म्हणणं. पूल टिकला नाही, तर पुढच्या शुक्रवारपासून शुद्धलेखन.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. आजोबांनी पूल चाचपला. मधली गाठ सैल. बाईंनी "हात लावायचा नाही हं" असं बजावलं होतं, पण बाई चहाला गेल्या होत्या. आजोबांनी सुरळीवर सढळ हातानं खळ थापली आणि सवयीनं मिशीला पीळ दिला.

घंटा झाली. मोठ्या बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. नातीची मैत्रीण, जिला सगळे टाचणी म्हणत, आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आजोबा, मिशीला खळ लागलीय."

"सकाळची असेल."

"नाश्त्याला खळ खाता?" वर्ग खिदळला. "म्हणजे पूल तुमचापण झाला. ठेवा डबा खाली."

"डबा कुठं आणलाय आज?"

"मग चष्मा," असं म्हणून नातीनं तो नाकावरून उतरवलासुद्धा. पोरांची खोडरबरं पुलाखाली आधीच मांडलेली होती.

वीट ठेवली. पूल जरा थांबला आणि भिजलेल्या वहीसारखा मधोमध बसला. खोडरबरांना काही झालं नाही. चष्म्याची काच गेली.

"हेच म्हणत होते मी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"गाठ सुटलीच नाहीये, बघा ना," टाचणी म्हणाली. "खळीनं कागद मऊ पडला. पहिल्या शुक्रवारी आमचा असाच बसला होता, म्हणून तर सुतळी घेतली."

"पण गाठ सैल होती," आजोबा पुटपुटले.

"वजन आलं की आपोआप आवळते. विचारायचं ना आम्हाला."

मोठ्या बाई वाकल्या. ओली सुरळी त्यांनी बोटानं दाबून पाहिली, मग गाठ ओढून पाहिली. तोवर टाचणीनं कोरडी सुरळी बसवली होती.

"बाई, इथं बोट ठेवा. गाठ मारायचीय."

मोठ्या बाईंनी मुकाट्यानं बोट ठेवलं.

"आता पूल तुमचापण. घड्याळ काढा."

वर्गातल्या बाईंनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखं केलं. मोठ्या बाईंनी टाचणीकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं आणि घड्याळाचा पट्टा सोडला.

वीट पुन्हा चढली. आजोबांना चष्म्याशिवाय धुकं दिसत होतं.

"काय झालं गं?" त्यांनी नातीला हळूच विचारलं.

"राहिला. तुम्ही हात मागे बांधा."

"शुद्धलेखन सोमवारी घ्या," मोठ्या बाई घड्याळ उचलत म्हणाल्या. "आणि यांना खळीपासून लांब बसवा."